नागेशशेठचा जुना वेटर

गंगाखेडात राहायचं ते लॉज, जेवायची ती खानावळ आणि चहा, भजे, पोहे मिळतात ते हॉटेल. हे गावात कुणी कुणाला शिकवलेलं नाही, पण ज्याला हे कळत नाही तो बाहेरगावचा समजावा. नागेशला हे जन्मापासून कळत होतं आणि त्यानेच त्याचा घात केला. तो कसा, ते पुढे येईलच. तूर्त एवढं पुरे, की बसस्टँडसमोर ‘हॉटेल गोदाकाठ’ अशी पाटी आहे, गोदावरी तिथून चांगली लांब आहे आणि गल्ल्यावर बसलेला सदतीस वर्षांचा, पोट जरा पुढे आलेला माणूस म्हणजे नागेश. वडील दत्तराव वारले तेव्हापासून तोच मालक. सकाळी सहाला शटर वर जातं, सातला पहिला घाणा कढईत पडतो, आणि मग संध्याकाळपर्यंत एसटीची माणसं येत राहतात. घरी बायको विमला समजूतदार, दोन्ही मुली शाळेत हुशार. अशा माणसाला सुखी म्हणायला काही हरकत नव्हती. हरकत होती ती एकच, आणि तिचं नाव उद्धव.

उद्धव नागेशच्याच वर्गातला. घरी आई पार्वतीबाई आणि तो, दोघंच. अकरावी-बारावीची दोन वर्षं त्याने याच हॉटेलात काम केलं होतं. कॉलेजच्या आधी यायचा, कॉलेज सुटलं की पुन्हा यायचा. टेबल पुसायचा, कपबशा धुवायचा, ‘दोन स्पेशल, एक कट’ असं ओरडून सांगायचा. तो आता परदेशात हॉटेलांतला साहेब झाला होता. आधी मस्कत, मग दोहा, मग मॉरिशस, अशी पंधरा वर्षं झाली होती. तो फोटो टाकायचा. काळा सूट, मागे समुद्र, बाजूला पांढऱ्या टोप्या घातलेले आठ-दहा गोरे-काळे आचारी. नागेश ते फोटो बोटाने मोठे करून बघायचा. ग्लास सरळ रेषेत लावलेत का, चादरीला सुरकुती आहे का, साहेबाच्या डोक्यावरचे केस विरळ झालेत का. केस खरंच विरळ झाले होते. त्या फोटोवर नागेशने आठवडा काढला.

विमला एकदा सहज बोलून गेली, “सुटात लय सोबायलेत बगा.” त्या दिवशी नागेशला भाजीत मीठ जास्त लागलं, दुसऱ्या दिवशी कमी लागलं, आणि तिसऱ्या दिवशी विमलाने विचारलं की तुमचं पोट बरं हाय ना. पोट बरं नव्हतंच. पोटात दुखत होतं, पण त्याला औषध मेडिकलमध्ये मिळत नाही.

गिऱ्हाइकंही काही कमी नव्हती. चहा नागेशचा प्यायचा आणि कौतुक उद्धवचं करायचं, असा त्यांचा रिवाज होता. उद्धवने आईला घर बांधून दिलं, उद्धवच्या पोरीला फ्रेंच बोलता येतं, उद्धवच्या हाताखाली दीडशे माणसं आहेत. नागेश ऐकून घ्यायचा आणि मग सुट्टे देता देता आपलं ठरलेलं वाक्य सोडायचा.

“हौ, लय हुशार. माझ्या टेबलावर फडकं मारायचा.”

माणसं हसायची. नागेशला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पंधरा वर्षांत त्याने हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल ते देवाला ठाऊक. भजे तळणाऱ्या आश्रुबाला तर ते इतकं पाठ झालं होतं, की उद्धवचं नाव निघालं की तो झारा थांबवून नागेशकडे बघायचा, आता येतंय म्हणून.

आश्रुबा दत्तरावांच्या वेळेपासूनचा माणूस. त्याला नागेशचं सगळं माहीत होतं. फॉर्मचंही.

फॉर्मची गोष्ट अशी. बारावीच्या निकालानंतर एक मास्तर औरंगाबादहून एक फॉर्म घेऊन आले. खास नागेशसाठी. दत्तराव त्यांचे मित्र, मुलगा हॉटेलवाल्याचा, कोर्स हॉटेल मॅनेजमेंटचा. मास्तरांना वाटलं, देवानेच जोडी जमवली. दत्तरावांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि मुलाला विचारलं, “काय रे, जातूस का?” नागेश गल्ल्याला टेकून कंगवा फिरवत होता. सगळं हॉटेल ऐकायलंय हे बघून त्याने आवाज चढवला.

“हॉटेल तर आपलंच हाय की, दादा. त्यात शिकायचं काय? चहा उकळायला कालेज?”

सगळे हसले. दत्तराव हसले, मास्तरही कसनुसे हसले. सहा टेबलं आणि एक कढई एवढंच हॉटेल ज्याने पाहिलंय, त्याने दुसरं काय म्हणावं? फॉर्म गल्ल्याच्या कडेला पडून राहिला. संध्याकाळी टेबल पुसता पुसता उद्धव जवळ आला आणि दबकत म्हणाला, “नागेशभाऊ, ह्यो मी घेऊ का?”

“घे. न्हाईतर भजेच बांधायचेत त्यात.”

हे वाक्य मात्र नागेशने नंतर कधीच कुणाला ऐकवलं नाही.

तर असा हा उद्धव यंदा जानेवारीत गावी आला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो हॉटेलात हजर. सूट नाही, साधा शर्ट, हातात खजुराचा डबा. नागेशने मनात ठरवलं होतं की उठायचं नाही. तो उठला नाही. पण उद्धवने त्याचीही पंचाईत केली. तो सरळ गल्ल्यापाशी येऊन वाकला, दत्तरावांच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाला, “भाऊ, कसे हाव तुमी?”

तुमी! एका वर्गातला माणूस, पंधरा वर्षं परदेशात काढलेला, अजून तुमी म्हणत होता. त्याने अरे-तुरे केलं असतं तर नागेशला चार लोकांत सांगता आलं असतं, बघा, कसा माजलाय. तीही सोय राहिली नाही.

चहा आला. उद्धव बोलत होता आणि बोलता बोलता त्याचे हात टेबलावर आपोआप चालत होते. साखरेचा डबा मधे, पाण्याचे ग्लास एका ओळीत. शेजारच्या टेबलावरची माणसं उठली तर त्यांच्या बशा एकात एक घालून त्याने मोरीकडे सरकवूनही दिल्या. आश्रुबा कौतुकाने बघत राहिला.

“किती वर्सं लागले रं, साहेब व्हायला?” नागेशने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघालं.

“सुरुवातीचे आठ महिने तर मस्कतला नुसते काचेचे ग्लास पुसले, भाऊ. मागच्या खोलीत. गिऱ्हाईक दिसायचंच न्हाई. मंग सकाळच्या नाश्त्याला लावलं, तिथं तीन वर्सं ट्रे उचलले. मंग वेटरांचा क्याप्टन, मंग सुपरवायझर. दोह्याला गेलो तवा मी मनलं, मला लग्नाच्या हॉलचं काम द्या, जे कुणी घेत न्हाई ते. तिथं माणसं संभाळायला शिकलो. अरबी शिकलो. कितीबी वर चढलं तरी नव्या जागी गेलं की पुन्यांदा दोन पायऱ्या खाली उतरूनच सुरू करावं लागतंय.”

नागेश मनातल्या मनात वर्षं मोजत होता. मला इतकी लागली नसती. मी मालकाचा मुलगा, माणसं संभाळणं माझ्या रक्तात. मी दहा वर्षांत केलं असतं. ही माझी जागा, हा समुद्र माझा, ह्या पांढऱ्या टोप्या माझ्या. माझ्या नावाने आलेला कागद घेऊन हा गेला, आणि आता मलाच सांगतोय.

“भाऊ, एक काम होतं तुमच्याकडं,” उद्धव म्हणाला. “दुसऱ्या कंपनीत जनरल मॅनेजरची जागा मिळायलीय. सगळं हॉटेल माझ्या हाताखाली, अडीचशे खोल्यांचं. पण त्यांची पद्धत लय कडक हाय. पहिल्या नोकरीपासून सगळीकडं फोन करून चौकशी करत्यात. तुमालाबी फोन येईन. म्या अर्जात आपलं हॉटेल लिवलंय.”

“हे? गोदाकाठ?”

“हौ. एजंट मनला होता, वगळा मनून. पण पहिली नोकरी तर हीच की. झाकून कामून ठेवायचं?” तो जरा थांबला. “एका ठिकानाहूनबी उलटं उत्तर गेलं तर दिलेली जागा परत घेत्यात ते. आनी जुन्या जागेचा राजीनामा तर म्या देऊन बसलोय. तुमी काय येगळं करू नका. खरं हाय ते सांगा, बस.”

तो गेला. नागेश खजुराच्या डब्याकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय झालं ते उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही. त्याला आनंद झाला. बऱ्याच वर्षांत झाला नव्हता इतका. पंधरा वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याची मान आपण होऊन येऊन हातात बसली होती.

पुढचे चार दिवस नागेश वेगळाच माणूस होता. गिऱ्हाइकांशी हसून बोलला, विमलाला म्हणाला भाजी झकास झालीय. डोक्यात एकच घोळत होतं. फोन उचलायचाच नाही? ते फार मिळमिळीत. तो इथे कधी कामाला नव्हताच, असं सांगावं? की कामाला होता पण हात चांगला नव्हता म्हणून काढला, असं? शेवटी त्याला सगळ्यांत सरस वाट सापडली. एवढा मोठा साहेब, त्याने अर्जात वेटर थोडंच लिहिलं असणार! मॅनेजर लिहिलं असेल. निदान सुपरवायझर. मग आपल्याला खोटं बोलायची गरजच नाही. तोच म्हणाला ना, खरं सांगा? आपण खरंच सांगू. मॅनेजर कसला हो, माझ्या टेबलावर फडकं मारायचा. संपला विषय. पापही लागणार नाही.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन आला. सोमवार, बाजारचा दिवस, सहाही टेबलं भरलेली. बाहेर उसाचे ट्रॅक्टर एकामागे एक चाललेले, त्यांच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून नागेशने फोनचा स्पीकर लावला. आता हे खरं, की कानाला घट्ट लावला असता तरी भागलं असतं. पण ही गंमत चार लोकांनी ऐकावी अशी त्याची इच्छा होती.

“नमस्ते सर, मैं हैदराबाद से बोल रही हूँ,” एका मुलीचा गोड, शिकवलेला आवाज आला. उद्धवचं नाव तिने अगदी पूर्ण, बापाच्या नावासकट घेतलं. “ये आपके होटल में काम करते थे?”

उद्धवचं नाव ऐकून टेबलं गप्प झाली. आश्रुबाने घाणा काढून झारा कढईवर आडवा ठेवला.

“काम?” नागेश खुर्चीत मागे रेलला. “कौनसा काम लिख्या उसने?”

“सर, यहाँ लिखा है, वेटर। टेबल पोंछना, कप-प्लेट धोना, ऑर्डर लेना।”

“और?”

“बस, इतना ही है सर।”

“मॅनेजर नई लिख्या?”

“नहीं सर।”

नागेश पुढे झाला. चार दिवस धार लावून ठेवलेलं वाक्य त्याच्या तोंडात आलं होतं आणि आता ते टाकायला जागाच नव्हती. जे सांगून त्याला खाली ओढायचं, ते त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, साहेबांसमोर, छातीठोकपणे.

“सर? काम करते थे?”

अजून एक वाट शिल्लक होती. नाही म्हणायचं. इथे असा कुणी कधी नव्हता. एक शब्द, आणि अडीचशे खोल्या गेल्या. नागेशने तोंड उघडलं आणि समोर बघितलं. सहा टेबलांवरची माणसं त्याच्याकडे बघत होती. यातल्या प्रत्येकाला त्याने कधी ना कधी ते वाक्य ऐकवलं होतं. उद्धव इथे कामालाच नव्हता म्हटलं, तर मग फडकं कुणी मारलं? पंधरा वर्षं ज्या एका गोष्टीवर नागेश त्याच्यापेक्षा वर बसला होता, ती गोष्टच गेली. त्याला बुडवायचं तर आपली खुर्चीही बुडत होती.

“था,” तो म्हणाला. “दो साल था. मेरे टेबलपे फडका मारता था.”

आज कुणी हसलं नाही.

“जी, टेबल साफ करते थे। व्यवहार कैसा था सर?”

नागेशने दोन वर्षं मनात चाळून काढली. उशिरा आला होता का कधी? फोडलं होतं का काही? उद्धव एका हातात आठ ग्लास धरायचा. कुणाला बिनसाखरेचा लागतो, कुणाला कपात नको बशीत लागतो, ते त्याला विचारावं लागायचं नाही. एकदा पार्वतीबाई तापाने पडली होती तेव्हा तेवढा एक दिवस आला नव्हता, आणि आदल्या दिवशी सांगून गेला होता. रागाने सुद्धा काही सापडेना.

“ठीक था.”

“काम छोड़ा क्यों?”

“पढने को गया.” मग त्याच्या नकळत निघून गेलं, “फॉरम मेरा था वो.”

“जी सर?”

“कुछ नई.”

आश्रुबा खाली बघायला लागला.

“बस आखिरी सवाल सर। आज अगर ये वापस आएँ, तो क्या आप इन्हें फिर से काम पर रखेंगे? हाँ या ना?”

नागेशच्या जिवात जीव आला. हा प्रश्न त्याच्यासाठीच ठेवल्यासारखा होता. इथे खोटं-खरं काही नव्हतं. हॉटेल त्याचं, मर्जी त्याची. मालकाला विचारलं होतं आणि मालक उत्तर देणार होता. त्याने गळा साफ केला.

“नई.”

टेबलांवर कुजबुज झाली. कुणीतरी “आं?” म्हणालं. पलीकडे मुलगीही थबकली, टाइप करायचा आवाज थांबला.

“ना? कोई वजह है सर? वजह लिखनी पड़ती है।”

वजह. वजह होतीच. तो पुढे गेला आणि मी इथे राहिलो, ही वजह. रात्रंदिवस जळतोय, ही वजह. पण ती सोमवारच्या बाजारात, स्पीकरवर, कशी सांगणार? आश्रुबा टक लावून बघत होता. नागेशने गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं नेहमीचं वाक्य काढलं.

“जगा नई. उसके वास्ते इधर जगा नई है.”

“अच्छा, अच्छा!” मुलीचा आवाज एकदम खुलला. “यानी उनके लायक जगह नहीं है। वो अब बहुत आगे निकल गए हैं। यही लिखूँ न सर?”

ट्रॅक्टर गेले होते. हॉटेलात आवाज होता तो फक्त कढईतल्या तेलाचा. नागेशला नाही म्हणता आलं असतं. बाई, मला तसं म्हणायचं नव्हतं, एवढंच. पण मग काय म्हणायचं होतं, ते तिने विचारलं असतं. त्याने दत्तरावांच्या फोटोकडे बघितलं, मग दाराकडे, मग पुन्हा फोनकडे. पंधरा वर्षं हे एक वाक्य त्याने कुणापाशी कबूल केलं नव्हतं, स्वतःपाशी तर नाहीच.

“सर?”

“हौ,” नागेश म्हणाला.

“थैंक यू सर। ऐसा बहुत कम लोग बोलते हैं।”

फोन बंद झाला आणि हॉटेल उसळलं. “वा, नागेशशेठ! मालक असावा तर असा!” “लय मोठं मन बगा.” एक म्हातारा तर उठून हात मिळवायला आला. नागेशने हात मिळवला. शाबासकी सगळी घेतली, एकालाही म्हणाला नाही की तसं नव्हतं. आत मात्र जळायचं काही थांबलं नव्हतं, उलट आता त्याला बाहेर पडायला तोंडही राहिलं नव्हतं. आश्रुबाने भजे सोडले.

आठवड्याने उद्धव निरोप घ्यायला आला. दुपारची वेळ, हॉटेल रिकामं. त्याने मोबाइलवर नेमणुकीचा कागद दाखवला आणि नागेशचा हात दोन्ही हातांत धरला.

“भाऊ, तुमचं वाक्य वाचून दाखवलं त्यांनी मला. सगळ्या साहेब लोकांनी लिवलं, चांगला माणूस हाय, मेहनती हाय. तुमच्यासारखं कुणीच लिवलं न्हाई. लय उपकार झाले.”

“त्यात काय,” नागेश म्हणाला. हात सोडवून घ्यावासा वाटत होता आणि वाटतही नव्हता.

उद्धवच्या गाडीची वेळ झाली होती. पिशवी खांद्याला लावता लावता तो म्हणाला, “तिथं गेल्या गेल्या नवी माणसं भरायचीत मला. ह्या धंद्यात हात बसलेली. शिकवायचं मी बगतो. तुमच्या बगण्यात कुणी असलं तर सांगा, भाऊ. तुमच्या सबदावर डोळे झाकून घेतो.”

नागेश गल्ल्यावरचा चुरा बोटाने गोळा करत राहिला. आश्रुबा मागे कांदा चिरत होता.

“वय किती चालतंय?” नागेशने विचारलं.

उद्धवने पिशवी पुन्हा खाली ठेवली. दोघं एका वर्गातले, वय दोघांनाही माहीत होतं.

“पस्तीस, भाऊ. नव्या भरतीला त्याच्या वर व्हिसावाले घेत न्हाईत.”

आश्रुबाची सुरी थांबली होती.

“मंग न्हाई कुणी,” नागेश म्हणाला, आणि गाडी चुकंल म्हणून त्याला घाई केली.